कृतिकाचं वाचन

मृणालिनीने हातआरसा कृतिकाच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःची जीभ टाळूला लावून दाखवली.

“बघ. जीभ वर, जरा मागे. ड.”

“र,” कृतिका म्हणाली.

“र नाही. ड. गाडीतला ड.”

“गारीतला र.”

चटईवर बसलेली मुलं हसली नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटलंच नसावं. मृणालिनीने गाडीचं कार्ड खाली ठेवून घोड्याचं उचललं. चित्रावर बोट ठेवून झाकलं आणि खालचा शब्द तेवढा दाखवला.

“घोरा.”

झाडाचं कार्ड आलं. कृतिकाने ते नुसतं पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मृणालिनी थांबली. मग कार्डांची चळत एकीकडे ठेवून तिने हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहिलं : ‘ड-र गोंधळ. ण-न, ळ-ल सुद्धा. वाचन नाही.’

राई गावच्या समाजमंदिरात ही बालवाडी भरायची. भाईंदरच्या एका संस्थेने ती चालवायला घेतली होती, आणि दर वर्षी मार्च संपायच्या आत संस्थेच्या शाळेत पहिलीला कोण जाणार त्यांची नावं द्यावी लागत. ज्यांना अक्षरं आली नाहीत ती मुलं आणखी एक वर्ष चटईवर बसत. १९९४ चा फेब्रुवारी अर्धा सरला होता आणि मृणालिनीच्या यादीत अजून पाच नावांचा निकाल लागायचा होता.

ती काही कडक बाई नव्हती. मुलांच्या अंगाला तिने कधी हात लावला नव्हता. पाच वर्षांपूर्वी गिरगावातली खोली सोडून ती आणि तिचा नवरा सुभाष भाईंदरला राहायला आले. सुभाष सकाळी कचेरीला जायचा तो संध्याकाळी यायचा. घरात बसवेना म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने हे काम धरलं. अक्षरांच्या बाबतीत मात्र ती ऐकून घेत नसे. तिच्या धाकट्या भावाला धड वाचता येत नाही हे चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो धडे पाठ करून म्हणायचा. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि त्यानंतरची त्याची वर्षं तिने जवळून पाहिली होती. म्हणून प्रत्येक आवाज सुटा, स्वच्छ, जिथल्या तिथे लागला की मगच ती पुढचं कार्ड उचलायची.

त्या दिवशी कृतिकाला न्यायला तिचा आजोबा आला. नाथा म्हात्रे. उभं आयुष्य मिठागरात गेलेला माणूस. टाचांना पडलेल्या भेगा चपलेच्या बाहेरूनही दिसत. कृतिकाचा बाप, भूपेश, दवाखान्यात आहे आणि आई, सावित्री, त्याच्यापाशी राहते, एवढं मृणालिनीला ठाऊक होतं. काय झालंय ते तिने विचारलं नव्हतं. तिला विचारणं बरं वाटलं नव्हतं.

“आजोबा, जरा बोलायचं होतं,” ती म्हणाली. “कृतिकाला अजून एक वर्ष इथेच बसू दे. पहिलीत गेली तर मागे पडेल.”

नाथा दारातच उभा राहिला.

“तिला वाचाया येत न्हाय?”

“अजून नाही येत.”

“न्हाय येत,” तो स्वतःशी म्हणाला. मग मान हलवली. “बरा. तुमी बोलताव तसा.”

कृतिका चपला हातात घेऊन दोघांच्या मधोमध उभी होती. तिने वर पाहिलं नाही. त्यानंतरचे आठ दिवस वर्गात तिने तोंड उघडलं नाही. कार्ड समोर धरलं की ती त्याच्याकडे बघायची आणि मग मृणालिनीच्या तोंडाकडे बघायची, पण बोलायची नाही.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, मुलं घरी गेल्यावर नाथा आला. कृतिका त्याची वाट बघत पायरीवर बसली होती. तो तिला घेऊन निघाला नाही, आत आला. मदतनीस विमलाबाई, गावातलीच, उसळीचं पातेलं घासत मागच्या दारी बसली होती. तिने त्याला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सरल दवाखान्यातून येताव,” नाथा म्हणाला. त्याने सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून घडी घातलेला कागद. “भूपेशने दिलाय. येवढा वाचून सांगाचा व्हता.”

“दवाखान्यात कुणी वाचला नाही का?”

“वाचतान. तिथला कंपौंडर वाचतंय एरवी. पन आज सून पानी आनाया गेली तवा त्याने ह्यो माजे हातान कोंबला, न असा केला.” नाथाने तळहात हलवून नकार दाखवला. “हिथं नको. घरा.”

“त्यांनी तोंडी नाही का सांगितलं काही?”

नाथा तिच्याकडे बघत राहिला. तिला हे माहीत नाही हे त्याला उमगायला थोडा वेळ लागला.

“त्याला बोलता येत न्हाय, बाई. कॅन्सर जाला, जीभ काढली ना त्याची. गनपतीनंतर. तवापासून लिवून दावतंय.”

मृणालिनीने कागद घेतला. आरसा टेबलावर होता, तो तिने उगीचच पालथा केला.

वहीचं पान होतं. पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर मोठं आणि कोपऱ्यांवर जोर दिलेलं, जसं चौथी शिकून सोडलेल्या माणसाचं असतं. काही शब्द शाळेत शिकल्यासारखे, काही जसे बोलायचे तसे. तिने ते मनात वाचलं.

*बाबा, दाक्तर बोलला परत जालाय. आता कापून उपेग न्हाय. सावित्रीला मी सांगन तू नको सांगू. मना घरा ने. शिवाची गाडी सांग. मना हिथं मराचा न्हाय.*

कृतिका आजोबाच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. एका हाताने तिने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. मृणालिनीने तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलं. पोरीला बाहेर पाठवू, मग म्हाताऱ्याला हळूहळू सांगू. आत्ता, हिच्यासमोर नको.

“लिहिलंय,” ती म्हणाली, आणि कागद डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं करत राहिली, “की मी बरा आहे. डॉक्टर बघतायत. सावित्रीची काळजी करू नका. घरची आठवण येते.”

नाथाने मान डोलावली. “आनी?”

“एवढंच आहे. कृतिका, जा बाळा, विमलाबाईंना विचार पाणी आहे का—”

“तसा न्हाय हाय,” कृतिका म्हणाली.

आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज आला होता. मृणालिनीला तो कुणाचा आहे हे क्षणभर कळलंच नाही.

“काय?”

“तसा न्हाय लिवलाय बाबाने.” तिने हात वर केला. मृणालिनीने कागद सोडायला हवा होता की धरून ठेवायला हवा होता, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. कृतिकाने तो घेतला, जमिनीवर बसली, मांडीवर पसरला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

“बाबा,” ती म्हणाली. बोट सरकलं. “दाक्तर बोलला. परत जालाय. आता. कापून. उपेग. न्हाय.”

मागच्या दारी पातेलं घासायचा आवाज थांबला.

“सावित्रीला मी सांगन. तू. नको सांगू. मना घरा ने. शिवाची गारी सांग.”

मृणालिनी उभ्या उभ्या कागदावर पाहत होती. तिथे गाडी होतं. स्पष्ट, ड ला जोर देऊन काढलेलं. पोरीचं बोट त्याच ड खाली होतं, आणि ती गारी म्हणाली होती, कारण या गावात गाडीला गारी म्हणत.

“मना हिथं,” कृतिका म्हणाली आणि थांबली. बोट पुढच्या शब्दावर गेलं, मागे आलं, परत गेलं. “मना हिथं मराचा न्हाय.”

तिने बोट उचललं.

नाथाचा चेहरा बदलला नाही. तो खाली बसला, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि नातीच्या समोर टेकला.

“परत वाच,” तो म्हणाला.

“आजोबा, राहू दे आता,” मृणालिनी म्हणाली.

“परत वाच, बाय.”

कृतिकाने पहिल्यापासून वाचलं. यावेळी अडखळली नाही, फक्त आवाज खाली गेला. शेवटच्या ओळीला तो इतका बारीक झाला की नाथाने पुढे वाकून कान लावला. पण तिने एकही शब्द गाळला नाही.

वाचून झाल्यावर नाथाने कागदाची घडी घातली. जशी होती तशीच, त्याच रेघांवरून. पिशवीत ठेवला.

“मी मुद्दाम—” मृणालिनीने सुरुवात केली. “पोर समोर होती म्हणून. तिला वाचता येत नाही, असं मला...”

“मना बी तसाच वाटला,” नाथा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं कठीण गेलं. “दिवालीला तो घरा व्हता ना, दोन म्हयने, तवा पाटीवर लिवायचा न ही सांगायची आमाला. पानी मांगतंय, उशी मांगतंय. मना वाटला ही त्याचा तोंड बघून सांगतंय. तुमी बोललाव येत न्हाय, मंग मी बोललो, तसाच असंल.” तो भिंतीला धरून उठला. “न्हायतर घरा नेऊन हिलाच वाचाया दिला असता. तुमचे पर्यंत कशाला आलो असतो.”

तो नातीचा हात धरून निघून गेला. विमलाबाई ओल्या हातांनी आत आली होती. ती टेबलाशी उभी राहिली, कार्डांच्या चळतीकडे बघत.

“आमी सगली तसाच बोलताव, बाई,” ती हळूच म्हणाली. “घोरा. झार. म्हंजे घोडाच ना तो.”

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

विमलाबाईने पदराला हात पुसले. “तुमी बाई हाव,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातल्या शिवाचा टेम्पो गेला आणि दुपारी दोनच्या सुमारास भूपेशला घेऊन आला. मागे गादी टाकून त्याला झोपवला होता. सावित्री त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मृणालिनीला हे विमलाबाईकडून कळलं. ती स्वतः गेली नाही. शनिवार होता, बालवाडीला सुट्टी होती, तरी ती समाजमंदिर उघडून बसली. हजेरीपटाचं मागचं पान काढून तिने तो शेरा वाचला. तिचं अक्षर सुंदर होतं. तिने ती ओळ खोडली, आणि खोडलेलं दिसत राहिलं म्हणून पानावर दुसरा कागद चिकटवला, आणि मग तो कागदही काढून टाकला. दिसलं तर दिसू दे, असं तिला वाटलं.

सोमवारी कृतिका आली. मृणालिनीने तिला आरसा दाखवला नाही. जमिनीवर अक्षरांची पंधरा-वीस कार्डं पसरली आणि म्हणाली, “मला घोऱ्यातली अक्षरं दे.”

पोरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून तो शब्द तिने कधी ऐकला नव्हता. मग पसाऱ्यातून तिने घ उचलला आणि शेजारी ड ठेवला.

“आणि रस?”

तिने र उचलला. ड आणि र वेगवेगळ्या हातांत धरून ती उभी राहिली, पुढचं विचारायची वाट बघत.

“पान्यातलं?”

ण.

“नाकातलं?”

न.

मृणालिनीने अक्षरं गोळा केली. तिच्या लक्षात आलं की ती हे काम एरवी मुलांना करायला लावते. आज तिला हाताला काहीतरी हवं होतं. यादीत तिने कृतिका भूपेश म्हात्रे हे नाव सहाव्या क्रमांकावर लिहिलं. बाकीच्या चार मुलांनाही पुन्हा बोलावून तिने अक्षरं पसरली, आणि त्यातली तीन नावं वर गेली. संध्याकाळी तिने सुभाषला सगळं सांगितलं. तो ऐकत होता.

“म्हणजे दोन वर्षं,” ती म्हणाली, “मी जी मुलं मागे ठेवली ती...”

“सगळी तशीच असतील असं नाही,” सुभाष म्हणाला.

“नाही. सगळी नसतील.”

पहिल्यांदा ती नाथाच्या घरी गेली ते बुधवारी. घराच्या ओटीवर, वारा येईल अशा बेताने, खाट टाकली होती. भूपेश पस्तिशीचा असेल. गळ्याभोवती पट्टी, नाकात नळी, आणि अंगावर कपडे मोठे झालेले. डोळे मात्र आजारी नव्हते. खाटेच्या कडेला पाटी होती आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल. मृणालिनी उंबऱ्याशी घुटमळली. त्याने पाटी घेतली, लिहिलं, आणि खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या कृतिकाकडे वळवली.

“बाई बसा,” कृतिकाने वाचलं. त्याने पुसून पुन्हा लिहिलं. “मी मानूस खातय असा बगू नका.”

सावित्री आतून हसली. मृणालिनीला ते हसणं ऐकून बसणं सोपं झालं.

ती मग रोज यायला लागली. बालवाडी सुटली की अर्धा तास. ती काही करायची नाही. भूपेश पाटीवर लिहायचा आणि कृतिका वाचायची, आणि त्या घरातलं बोलणं असं पाटीवरून चालायचं. शेजारची माणसं भेटायला यायची, ती खाटेसमोर बसून पाटीकडे न बघता पोरीकडे बघायची, जणू तोच बोलतोय. तो भावकीतल्या कुणाला शिवी लिहायचा, तर कृतिका ती शिवीही तशीच वाचायची आणि सावित्री तिला दटावायची, मग त्याला दटावायची. सुकी मच्छी कुणाकडून आणायची, कौलं कुठे सरकलीत, शिवाला टेम्पोबद्दल दोन शब्द गोड बोला, असं सगळं त्या पाटीवर होतं. त्याचा हात दमला की अक्षरं लांबट होत. कृतिकाला तीही कळत.

औषध होतं ते दुखण्यापुरतं. घरी आणल्यापासून तो सत्तावीस दिवस होता. त्यातले शेवटचे चार-पाच त्याला पेन्सिल धरता आली नाही.

त्याआधीच्या एका दुपारी मृणालिनी नेहमीसारखी ओटीवर बसली होती. ऊन चढलं होतं आणि समोर खाडीच्या बाजूला मिठाचे ढीग इतके पांढरे झाले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नाथा दोरी वळत बसला होता. भूपेशने पाटी घेतली.

“तिला पयलीला घेतलाव का,” कृतिकाने वाचलं. मग तिला उमगलं की ‘तिला’ म्हणजे आपल्याला, आणि ती ओठ मिटून मृणालिनीकडे बघायला लागली.

“घेतलं,” मृणालिनी म्हणाली. “जूनपासून. सगळ्यांत चांगलं तीच वाचते.” मग ती म्हणाली, “तुम्ही शिकवलंत तिला. मी नाही.”

त्याने मान हलवली. हो म्हणायला की नको म्हणायला ते कळलं नाही. तो बराच वेळ डोळे मिटून पडून राहिला. मग त्याने पाटी ओल्या फडक्याने कोपऱ्यांपर्यंत पुसली, सुकू दिली, आणि पोटावर टेकवून लिहायला लागला. या वेळी पुष्कळ वेळ लागला. मधेच त्याचा हात थांबायचा, विसावायचा, पुन्हा सुरू व्हायचा. नाथाची दोरी वळायची थांबली. सावित्री चहाचे कप घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

लिहून झालं. त्याने पाटी नेहमीसारखी सगळ्यांकडे वळवली नाही. एका बाजूला कलती धरली, फक्त कृतिकाला दिसेल अशी.

तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मग बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. तिचे डोळे पाटीवर डावीकडून उजवीकडे गेले, खालच्या ओळीवर आले, पुन्हा गेले. ओठ हलले नाहीत. असं मनात वाचणं मृणालिनीने मुलांमध्ये पाहिलं होतं, पण दुसरी-तिसरीतल्या, आणि कधी घडतं ते तिला नेमकं पकडता आलं नव्हतं.

“काय लिवलाय?” नाथाने विचारलं.

कृतिकाने मान वर केली नाही.

“माजे साठी हाय,” ती म्हणाली.

नाथाने दोरी पुन्हा हातात घेतली. सावित्रीने मृणालिनीसमोर कप ठेवला आणि तीही पाटीकडे न बघता खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. मृणालिनीला जरा मान वळवली असती तर वाचता आलं असतं. तिने चहा उचलला आणि समोर बघत राहिली.

कृतिकाने शेवटपर्यंत वाचलं. मग ती खाटेवर चढून बापाच्या कुशीशी बसली, त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली उरलेल्या जागेत लिहायला लागली.